क्लिपा घट्ट होत्या

हातभर लांबीच्या एका रबरी पाइपाबद्दल मला लिहायचं आहे. तो मी निवडला, मी बसवला आणि त्याच्याबद्दल खोटं मीच बोललो.

अ‍ॅमस्टेलव्हीनला माझ्या मुलीच्या घराशेजारी एक वयस्कर डच जोडपं राहायचं. त्यातल्या गृहस्थांबद्दल त्यांच्या मुलांचा, माझ्या मुलीचा, जावयाचा आणि गल्लीतल्या आणखी दोन-चार घरांचा असा समज आहे की, बोटीच्या पाइपाच्या क्लिपा आवळायला ते विसरले आणि त्यांची बायको थोडक्यात वाचली. ते विसरले नव्हते. क्लिपा घट्ट होत्या. मी त्या पाहिल्या होत्या, आणि विचारल्यावर ‘सैल होत्या’ असं सांगितलं होतं.

ही गोष्ट दोन हजार पाच-सहा सालची. जावई पुण्याहून नोकरीच्या परमिटवर तिकडे गेला, पाठोपाठ मुलगी गेली. आदल्या वर्षी माझी बायको वारली होती. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, तीन महिन्यांचा व्हिसा मिळतो, या. तिकडे एकटे बसून भिंती मोजू नका.’’ मी मार्चमध्ये पोचलो आणि तिकडे जाऊन भिंतीच मोजू लागलो. जावई सकाळी ट्रामने ऑफिसला जायचा, मुलगी डच भाषेच्या वर्गाला. मी खिडकीत.

खिडकीतून शेजारच्यांची मागची शेड दिसायची. शेजारी तिथे दिवसभर काहीतरी खटपट करत असायचे. उंच, किंचित वाकलेले, कानामागे पेन्सिल. एके दिवशी ते एक पाण्याचा पंप उघडून बसले होते आणि त्याचा रबरी पंखा उलटा बसवत होते. मला राहवलं नाही. कुंपणापाशी जाऊन मी म्हटलं, ‘‘ती पाती उलटी वाकलीत.’’

त्यांनी पंखा डोळ्यांजवळ नेला, मग माझ्याकडे पाहिलं. ‘‘तुम्ही इंजिनियर?’’

‘‘जनरेटरच्या कारखान्यात होतो. तेहतीस वर्षं.’’

‘‘मग चुकीच्या बाजूला उभे आहात. इकडे या.’’

डचमध्ये शेजाऱ्याला ‘बुर्मान’ म्हणतात. ते मला बुर्मान म्हणायचे, मीही त्यांना बुर्मान म्हणायचो. नावांची गरज पडली नाही. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं असल्यामुळे आमचं छान जमलं. ते शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झाले होते. त्यांची एक जुनी शिडाची बोट होती, लोखंडी, पोटात छोटं डिझेल इंजिन असलेली. हिवाळ्यात ती, घरापासून सायकलने अर्ध्या तासावर, तळ्याकाठच्या एका शेडमध्ये लाकडी घोडीवर चढवून ठेवत. एप्रिलअखेर ती पाण्यात जायची होती आणि त्याआधी तिचा एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर सोडणारा, पाइप बदलायचा होता.

तो पाइप आणायला आम्ही बरोबर गेलो. बुर्माननी जुन्या पाइपाचा तुकडा पावाच्या पिशवीत घालून आणला होता. कुठलं टोक इंजिनाकडचं, कुठलं बाहेरचं, हे खडूने त्याच्यावर लिहिलेलं. मला माणूस तिथेच आवडला. कारखान्यात मी टेस्टिंग विभागात होतो, तिथे एवढ्या नीटपणाने नमुना आणणारे दोन जणही नव्हते.

दुकान फक्त बोटींच्या सामानाचं होतं. काउंटरवरच्या बाईंनी आमच्यासमोर तीन पाइप ठेवले. एक स्टेनलेस स्टीलचा, वळ्यावळ्यांचा, चकचकीत. मी लगेच त्याच्यावर हात ठेवला. जनरेटरला आम्ही तोच लावायचो. इंजिन थरथरतं, पाइप भिंतीत पक्का असतो, मधल्या वळ्या ती थरथर खातात.

बुर्मान हसले. ‘‘तुमच्या जनरेटरच्या धुरात पाणी असतं?’’

‘‘धुरात पाणी कशाला?’’

मग त्यांनी काउंटरवरच्या कागदावर चित्र काढून दाखवलं. बोटीचं इंजिन थंड राहायला तळ्यातलं पाणी ओढून घेतं आणि ते गरम झालेलं पाणी शेवटी धुराच्याच वाटेत सोडतं. धूर आणि पाणी एकत्र मागून बाहेर पडतात. पाण्यामुळे धूर निवतो, म्हणून रबर चालतं. स्टेनलेसच्या वळ्यांत मात्र ते पाणी साचून राहतं आणि धातूला आतून बारीक भोकं पडतात.

अडुसष्टाव्या वर्षी काउंटरवर उभं राहून मला नवीन काहीतरी कळलं होतं आणि त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण तेहतीस वर्षांच्या नोकरीनंतर एका सुतारकामाच्या मास्तरांनी चित्र काढून इंजिन समजावलं, हे मला जरा लागलं. पुढचं सगळं तिथून सुरू झालं असं मला वाटतं.

उरले दोन रबरी पाइप. एक पातळ, बाहेरून वळ्यांचा, हाताने सहज वाकणारा. दुसरा जाड भिंतीचा, आत तारेचं वेटोळं, इतका ताठ की गुडघ्यावर घेऊनही जेमतेम वाकत होता. बुर्मानना मऊ हवा होता.

‘‘माझी बोटं बघा,’’ ते म्हणाले. त्यांचे सांधे सुजलेले होते. ‘‘हा मला एकट्याला बसवता येईल.’’

‘‘एकट्याने कशाला? मी आहे की. हा मऊ कुठेतरी दुमडेल, दाबला जाईल. तो जाड दहा वर्षं बघायला नको.’’

‘‘दहा वर्षांनी मी अठ्ठ्याऐंशीचा असेन.’’

‘‘म्हणून तर. तेव्हा कोण बदलणार?’’

बाई हसल्या. बुर्माननी दोन्ही पाइप पुन्हा हातात घेऊन पाहिले आणि जाड घेतला. माझ्या शब्दाखातर घेतला. त्या पाइपात तसं वाईट काही नव्हतं, आजही मी तेच सांगेन. पण तो ताठ होता, आणि बोटीत त्याला वाकवून बसवायचं होतं. वाकवलेला ताठ पाइप स्प्रिंगसारखा सरळ व्हायला बघतो. हे मी हिशेबात घेतलं नाही.

दोन दिवसांनी बसवायला गेलो. तळ्याकाठच्या शेडमध्ये अशी थंडी की स्पॅनर हातात धरवत नव्हता. बोटीच्या मागच्या भागात एक झाकण उघडून मी आत पालथा पडलो होतो, बुर्मान वरून टॉर्च धरून. मागचं टोक बसलं. इंजिनाकडचं काही केल्या इंजिनाच्या लोखंडी तोंडावर चढेना.

‘‘साबणाचं गरम पाणी,’’ बुर्मान म्हणाले. ‘‘दुसरं काही लावायचं नाही. तेल नाही, ग्रीस नाही. साबण वाळतो आणि रबर पकडतं.’’

हे मला माहीत होतं. रबराच्या होजला तेल लावलं म्हणून मी माझ्या हाताखालच्या लोकांना झापलं होतं. बुर्मान थर्मास घेऊन कँटीनकडे निघाले. शेड लांबलचक, त्यांची चाल सावकाश.

माझ्या कोटाच्या आतल्या खिशात खोबरेल तेलाची छोटी बाटली होती. तिकडच्या हवेत माझे हात भेगाळायचे. घरात ठेवलेलं तेल दगडासारखं थिजायचं, म्हणून मी बाटली अंगाशी ठेवायचो. मुलगी चिडवायची, ‘‘बाबांची अंडी उबवणं चाललंय.’’ मी बाटली काढली. खोबरेलच तर आहे, इंजिनचं तेल थोडंच आहे, असं मनाशी म्हटलं. बोटभर तेल त्या तोंडावर फिरवलं, जोर केला आणि पाइप सर्रकन वर चढला.

बुर्मान थर्मास घेऊन परत आले आणि बघतच राहिले.

‘‘कसा घातलात?’’

मी माझे दोन्ही हात वर करून दाखवले. बस, एवढंच. तोंडाने एक शब्द खोटा बोललो नाही, आणि त्याचं मला त्या वेळी समाधानही वाटलं.

‘‘मग हे साबणाचं पाणी आता पिणार कोण?’’ ते म्हणाले.

‘‘तुम्ही आणलंत, तुम्ही प्या.’’

आम्ही बराच वेळ हसलो. मग ते स्वतः खाली उतरले. माझ्या हातात काम ठेवून त्यांना चैन पडलं नसतं. प्रत्येक टोकाला दोन स्टीलच्या क्लिपा. त्या सुजलेल्या बोटांनी त्यांनी एकेक आवळली. थांबून श्वास घेतला, पुन्हा अर्धा फेरा दिला. वर येऊन खिशातली वही काढली. प्रत्येक कामाची एक ओळ असायची आणि काम संपलं की पुढे पेन्सिलची खूण. ‘क्लिपा’ या ओळीपुढे त्यांनी माझ्यादेखत खूण केली.

त्या थंडीत क्लिपांच्या आत माझं तेल मेणासारखं घट्ट झालेलं असणार. घट्ट झालेल्या तेलावर त्यांनी आवळलं. इंजिन तापून ते पातळ झालं की काय होईल, हे टेस्टिंगमधल्या माणसाला सांगावं लागू नये.

बोट पाण्यात गेल्यावर इंजिन पाच मिनिटं चालवून पाहिलं. सगळं ठीक. मेमधल्या एका रविवारी ते, त्यांची बायको आणि मी असे तिघं निघालो. जावयाने मला लाइफ जॅकेट घातलेलं पाहून फोटो काढला. वारा अजिबात नव्हता, म्हणून शिडं गुंडाळलेलीच ठेवून इंजिनावर कालव्यातून जात होतो. काकूंना आदल्या रात्री झोप लागली नव्हती, त्या आत जाऊन आडव्या झाल्या. मी त्यांना मनात काकूच म्हणायचो, जरी त्या माझ्याच वयाच्या होत्या.

तासभर झाला असेल. पुढे उचलायचा पूल होता, तो उघडायची आम्ही वाट बघत होतो. इंजिनाचा आवाज एकदम मोठा आणि फाटका झाला. मागून पडणारं पाणी बंद झालं. बुर्माननी इंजिन बंद केलं आणि केबिनचं दार उघडलं. आतून काळा धूर आला. आम्ही दोघांनी काकूंना धरून वर आणलं. त्या पांढऱ्या पडल्या होत्या, ओकत होत्या, त्यांना उभं राहता येत नव्हतं. आत घोट्याएवढं पाणी होतं.

बुर्मान त्यांना मांडीवर घेऊन बसले होते, म्हणून खाली मी गेलो. झाकण काढलं. इंजिनाकडचं टोक आधी बराच वेळ थोडं थोडं सरकत धूर आणि पाणी आत सोडत असणार, आता ते पूर्ण निसटून सरळ झालं होतं. दोन्ही क्लिपा पाइपावरच होत्या, पाइपासकट मागे सरकलेल्या. मी त्यांना हात लावला. त्या जागच्या हलत नव्हत्या, इतक्या घट्ट होत्या. आणि त्या सगळ्या डिझेलच्या घाणीत, गरम लोखंडावरून, घरच्या देवघरात यावा तसा खोबरेलाचा वास येत होता.

मी रुमालाने ते तोंड पुसलं. पाइपाच्या आतून पुसलं. मग परत बसवायचा म्हणून क्लिपा सैल केल्या. त्या सैल करायला लागणारच होत्या. पण बुर्माननी खाली येऊन बघायच्या आधी मी त्या सैल करतोय, हे मला कळत होतं.

वरून बुर्मानचा आवाज आला. ‘‘काय झालं?’’

‘‘पाइप निसटला.’’

मग त्यांनीच विचारलं, ‘‘क्लिपा सैल होत्या?’’

मी म्हणालो, ‘‘हो.’’

पुलावरच्या माणसाने ॲम्ब्युलन्स बोलावली. काकूंना एक रात्र दवाखान्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. त्यांना पुढे काही त्रास राहिला नाही. आत आणखी अर्धा तास झोपल्या असत्या तर वाचल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले. त्या संध्याकाळी मुलीने माझे कपडे धुवायला घेतले. ‘‘बाबा, रुमालाला डिझेल आणि खोबरेल, दोन्हींचे वास? काय करत होतात?’’

‘‘हाताला लावलं होतं.’’

‘‘बोटीत?’’

‘‘हात काय घरी ठेवून जाऊ?’’

ती हसली आणि विषय संपला.

पुढच्या शनिवारी बुर्मानची मुलं आली, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही पन्नाशीकडे झुकलेली. मला आणि माझ्या मुलीला कॉफीला बोलावलं. मदतीबद्दल माझे आभार मानायचे होते. तिकडच्या पद्धतीप्रमाणे कॉफीबरोबर एक बिस्किट मिळालं आणि डबा बंद झाला. बोलणं डचमध्ये चाललं होतं, माझी मुलगी हळू आवाजात मला सांगत होती.

‘‘मुलगा म्हणतोय, गेल्या महिन्यात ते सायकल सुपरमार्केटपाशी ठेवून चालत घरी आले. मुलगी म्हणतेय, त्याआधी गॅसवर किटली राहिली होती.’’

बुर्माननी खिशातून वही काढली आणि ती ओळ दाखवली. खूण होती.

‘‘ते म्हणतायत, खूण आहे,’’ माझी मुलगी म्हणाली. ‘‘म्हणजे मी आवळल्या असणार.’’

त्यांचा मुलगा शांतपणे काहीतरी बोलला. त्याने आवाज चढवला नाही, वडिलांच्या पाठीवर हात ठेवला.

‘‘काय म्हणाला?’’

‘‘तो म्हणाला, पप्पा, शेजाऱ्यांनी पाहिलंय ना, सैल होत्या.’’

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बुर्माननीही. त्यांच्या नजरेत माझ्यावर संशय अजिबात नव्हता. मी काहीतरी आठवून सांगेन अशी आशा होती. मी बिस्किटाचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

बुर्मान वहीकडे बघत बोलले. माझ्या मुलीने सांगितलं तेव्हा तिचाच आवाज बारीक झाला होता. ‘‘म्हणतायत की, मला आवळल्याचं आठवतं. पण न केलेलंही आता मला केल्यासारखं आठवत असेल, तर काय सांगू?’’

जूनमध्ये मी पुण्याला परतलो. पावसाळ्यात मुलीने फोनवर सांगितलं की बोट विकली. मी ‘बरं झालं’ म्हणालो.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये पुन्हा गेलो. शेडचं दार बंद होतं. बुर्मान भेटले, हात हातात घेतला, बायकोकडे वळून विचारलं, ‘‘मी गोळी घेतली ना?’’ त्यांनी घेतली होती. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. माझ्या मुलीच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता. पूर्वी असं काही झालं की ते न बोलावता पाना घेऊन यायचे. मी त्यांना म्हटलं, ‘‘चला, दोघं मिळून करू.’’

‘‘नको,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही प्लंबर बोलवा. मी काहीतरी अर्धं सोडीन आणि तुमच्या मुलीच्या घरात पाणी होईल.’’

बोट गेली त्याचं मला वाईट वाटलं होतं, पण ते मी वर्षभर सहन केलं होतं. हे वाक्य मला सहन झालं नाही. त्या माणसाने स्वतःच्या हातांवरचा विश्वास सोडला होता, आणि तो माझ्या एका ‘हो’वर सोडला होता.

मी घरी गेलो आणि खोबरेलाची बाटली रात्रभर बाहेर खिडकीत ठेवली. सकाळी ती घेऊन गेलो. त्यांना शेड उघडायला लावली. बाटली उलटी केली, काहीच पडलं नाही. मग त्यांच्या तळहातावर ठेवून त्यांची बोटं मिटली. आम्ही तसेच उभे राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी मूठ उघडली. काचेलगतचं तेल पातळ होऊन आतला पांढरा गोळा घसरत होता.

मी म्हणालो, ‘‘तुम्ही साबणाचं पाणी आणायला गेलात, तेव्हा मी हे लावलं. क्लिपा घट्ट होत्या. पाइपासकट निसटल्या. मी खोटं बोललो.’’

ते रागावतील म्हणून मी तयार होतो, मला ते हवंही होतं. त्यांनी बाटली कलती केली, गोळा या टोकाकडून त्या टोकाकडे घसरू दिला.

‘‘किती अंशांना वितळतं हे?’’

‘‘चोवीस-पंचवीस.’’

‘‘तळ्याकाठच्या शेडमध्ये तेव्हा सहा होतं,’’ ते म्हणाले. ‘‘मी भिंतीवरच्या थर्मामीटरवर पाहिलं होतं.’’ मग स्वतःशीच पुन्हा म्हणाले, ‘‘सहा होतं.’’

ते ड्रॉवरकडे गेले. ती वही तिथेच होती. पान सापडायला वेळ लागला. ‘क्लिपा’ या ओळीपुढची खूण पुसट झाली होती. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी त्याच खुणेवरून पुन्हा पेन्सिल फिरवली, दोनदा, कागद फाटेल इतकी जोरात. नंतर वही परत ड्रॉवरमध्ये ठेवली.

मी म्हटलं, ‘‘मी तुमच्या मुलांना सांगतो. आजच.’’

ते माझ्याकडे वळले. ‘‘माझी बायको त्यात जवळजवळ गेली होती, बुर्मान. मुलं ते विसरणार नाहीत. तुमच्या मुलीला इथे राहायचंय. तुम्ही जूनमध्ये जाल.’’ बाटली माझ्या हातात परत देत म्हणाले, ‘‘मला कळलं, पुरे आहे.’’

आणि मी मान्य केलं. ते माझी काळजी घेत होते आणि मी ती घेऊ दिली. नाही म्हणायला हवं होतं. मी सुटल्यासारखा घरी आलो आणि दुपारी गाढ झोपलो. दुसऱ्या दिवशी ते पाना घेऊन नळ दुरुस्त करायला आले, आणि तो नळ पुन्हा गळला नाही.

त्यानंतर त्यांनी नवी बोट घेतली नाही. शेड मात्र उघडी असायची. शेवटच्या वर्षांत त्यांना खरोखरच विसर पडू लागला, पण ते ऐंशीच्या पुढे, आणि तसा तो आता मलाही पडतो. ते गेले तेव्हा मी पुण्यात होतो. तिकडे अंत्यविधीनंतर कॉफी देतात, मुलगी त्या कॉफीला जाऊन आली. फोनवर म्हणाली, ‘‘त्यांचा मुलगा सांगत होता, त्या बोटीपासूनच पप्पांचं सुरू झालं. आम्ही आधी लक्ष द्यायला हवं होतं, म्हणाला. फार लावून घेतलंय त्याने.’’

म्हणजे माझं खोटं अजून संपलेलं नव्हतं. एका मुलाला वाटतंय की वडिलांकडे आपण वेळेवर लक्ष दिलं नाही. तरीही हे लिहायला मला आणखी काही वर्षं लागली, त्याला माझ्याकडे कारण नाही.

गेल्या आठवड्यात मी हे सगळं मुलीला फोनवर वाचून दाखवलं. संपल्यावर ती म्हणाली, ‘‘तो रुमाल मी दोनदा धुतला होता, बाबा. वास जात नव्हता.’’

‘‘बुर्मान म्हणाले होते, तुला तिथे राहायचंय.’’

‘‘राहतेच आहे. काकू अजून शेजारीच आहेत. मी हे डचमध्ये लिहून काढते आणि त्यांना आणि त्यांच्या मुलाला वाचून दाखवते. ते काय म्हणतील ते म्हणतील, पण ते तुम्ही ऐकायचंत. फोन चालू ठेवीन.’’

‘‘ठेव.’’

‘‘रविवारी. तेव्हा तुमच्याकडे दुपार असेल. झोपायचं नाही.’’

‘‘नाही झोपत,’’ मी म्हटलं. ‘‘त्यांना आधी शेडच्या ड्रॉवरमधली वही काढायला सांग.’’